रविवारी निघालेल्या शुक्रवाराची कहाणी

ऐका हो, शुक्रवारच्या दिव्या, तुझी कहाणी. बायांनो, मुलींनो, हातात सब्जाचं एकेक पान धरा. चुलीवर काही ठेवून आला असाल तर आत्ताच उतरवून या, मधे उठायचं नाही.

एक आटोपशीर गाव होतं. पुढं खाडी होती, मागं नारळीची वाडी होती. वाडीत एक घर होतं, घराशेजारी तेलाचा घाणा होता. घाणा आठवडाभर फिरे, शनिवारी थांबे. त्या दिवशी बैलाला सुट्टी, माणसाला सुट्टी. म्हणून गाव त्या घरच्या माणसांना शनवार तेली म्हणे. ते यहुदी होते, स्वतःला बेने इस्राएल म्हणत.

त्या घरात इसाजी होता. त्याची बायको शेगुला होती. थोरली मुलगी दीना होती, धाकटा शलोम होता. आणि इसाजीची आई होती, मिलकाबाई. मिलकाबाईचे डोळे गेले होते, पण सगळे गेले नव्हते. दिवसाउजेडी तिला सारं पांढरं दिसे, माणूस म्हणजे नुसती सावली. एक गोष्ट मात्र तिला दिसे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शेगुला शब्बाथाचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावी. काचेचा पेला, तळाला पाणी, वर खोबरेल, त्यात दोन वाती. दिवा ओटीवर टांगलेला असे. मिलकाबाई त्याच्यासमोर बसे, डोळ्यांवर हात घेई, दुवा म्हणे, हात काढी, आणि बघे. बघून म्हणे, "आहे." एवढंच म्हणे. त्या एका शब्दावर तिचा आठवडा जाई.

आता शेगुला कशी होती? आळशी नव्हती हो. पहाटे उठे, पाणी भरी, भाकऱ्या थापी, घाण्यावर नवऱ्याला हात देई. पण काय होई? रविवार येई, ती म्हणे, अजून आठवडा पडलाय. मंगळवार येई, ती म्हणे, अजून बराच वेळ आहे. गुरुवार येई, ती म्हणे, उद्या पहाटे उठून एकदम करू. मग शुक्रवार उजाडला की घरात चोर शिरल्यासारखं होई. ही पेटी उघड, ती फडताळं पालथी घाल. चाळण कुठं, कापूस कुठं, शलोमची टोपी कुठं. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवसांचं रांधायचं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून कोंबडीची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. घाईत त्यांची गल्लत झाली की पुन्हा आरडाओरडा. मुलं रडत, इसाजी मुकाट्यानं मशिदीत निघून जाई. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत.

असाच एक शुक्रवार आला. दुपार कलली, तेव्हा शेगुलाला मासळीची आठवण झाली. जनी कोळीण रस्त्यानं परत चालली होती.

"जने, मासळी आहे का गं?"

"आहे, पण तुझ्या कामाची नाही. खवल्यांची होती ती सकाळी गेली. हे बिनखवल्याचे उरलेत, तुम्हाला चालत नाहीत."

"मग थांबायचं नाही का जराशी?"

"मासळी थांबते होय? आणि काय गं शेगुला, गावाच्या दिव्यांना तेल तुम्ही घालता, आणि तुमच्याच दिव्याची दर शुक्रवारी पळापळ?"

शेगुलाला राग आला, पण बोलायला वेळ नव्हता. तेवढ्यात दाराशी एक वाटसरू आला. पांढरी दाढी, डोक्याला मळका फेटा, पायांवर धूळ. बेने इस्राएलांच्या रीतीनं सलाम करून म्हणाला, "शालोम, बाई. घोटभर पाणी दे."

"थांबा बाबा," शेगुला म्हणाली, आणि तांब्या शोधू लागली. तांब्या न्हाणीत नव्हता, ओट्यावर नव्हता, विहिरीवर नव्हता. सापडला तेव्हा वाटसरू गेला होता. दिवा कसाबसा शेवटच्या किरणाला लागला. मिलकाबाईनं हात काढले, म्हणाली, "आहे." शेगुलानं कपाळाचा घाम पुसला.

दुसरा शुक्रवार आला. तीच गत, तीच धावपळ. दुपारी वाटसरू आला. "शालोम, बाई. घोटभर पाणी दे." तांब्या हाताशी होता, पण माठ कोरडा होता. शेगुला घागर घेऊन विहिरीवर धावली, परत आली, तर वाटसरू गेला होता. मग ती दिव्याकडं वळली. पेल्यात पाणी घातलं, वर तेल घातलं. वाती घ्यायला डबी उघडली, तर डबी रिकामी. कापूस शोधला, कापूस मिळेना. उशीची शिवण उसवली, कापूस काढला, वात वळली. वात वळून मान वर केली, तर दिवस खाडीत बुडाला होता.

आता विस्तव लावता येत नव्हता. शब्बाथ लागला होता.

ओटीवर मिलकाबाई येऊन बसली. पदर सारखा केला. "लावलास का गं दिवा?"

शेगुलाच्या तोंडून शब्द गेला. म्हणाली, "लावला, आई."

मिलकाबाईनं डोळ्यांवर हात घेतले. दुवा म्हटली, सावकाश, एकही शब्द न गाळता. हात काढले. बघत राहिली. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. "आहे" म्हणाली नाही. 

इसाजी मुलांना घेऊन मशिदीतून परत आला. त्यानं काळोखी ओटी पाहिली, टांगलेला कोरा दिवा पाहिला. दीना म्हणाली, "आई, दिवा-" शेगुलानं तिच्या हातात रोटीचा तुकडा दिला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. इसाजीही गप्प राहिला. भला माणूस, पण भांडणाला भिणारा. चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात सगळे जेवले. मिलकाबाईनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काय केलं? डोळ्यांवर एक फडकं बांधलं.

इसाजी म्हणाला, "आई, हे काय?"

"ज्याचा उपयोग नाही ते झाकून ठेवावं."

रविवारी त्यानं कंदील लावून जवळ नेला. "फडकं काढ, बघ तरी."

"माझ्या दिव्याची ज्योत दिसली नाही, तुझा कंदील काय दिसणार? ने तो. मला बिन्यामीनकडं पाठव."

बिन्यामीन तिचा धाकटा मुलगा, खाडीपलीकडं शहरात राहायचा. इसाजी म्हणाला, "इथं काय कमी आहे?"

म्हातारी म्हणाली, "इथं दिवा कुठं टांगलाय ते मला ठाऊक आहे. बसल्या जागी मान तिकडं जाते. तिथं ठाऊक नाही, म्हणजे शोधायला नको."

हे शेगुलानं दाराआडून ऐकलं.  नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगा हो त्यांना."

इसाजी म्हणाला, "खोटं तू बोललीस, खरं तूच बोल. मी गप्प बसलो, त्याचं मी माझ्यापुरतं बघतो." आणि घाण्यावर जाऊन बसला. बिन्यामीनचा निरोप आला, अजून दोन शुक्रवार जाऊ देत, मग रविवारी मचवा घेऊन येतो, आईला नेतो.

तिसरा शुक्रवार आला. शेगुलानं जिवाचा आटापिटा केला, उजेडातच दिवा लावला. दोन वाती, दोन ज्योती. "आई, फडकं काढा. बघा तरी." मिलकाबाई म्हणाली, "नको गं पोरी. मागल्या खेपेला बघितलं, तेवढं पुरे." तिनं दुवा म्हटली, फडक्यावरच हात घेतले, आणि काढलेच नाहीत.

पण त्याच दुपारी आणखी काय झालं होतं, ते राहिलंच सांगायचं. वाटसरू तिसऱ्यांदा आला होता. "शालोम, बाई. घोटभर पाणी दे." या खेपेला तांब्या होता, माठ भरलेला होता. शेगुलानं पाणी ओतलं, त्याच्यासमोर आदळलं, निम्मं सांडलं, आणि वळून पुन्हा चुलीशी गेली. थोड्या वेळानं पाहते तो म्हातारा ओटीवर बसलेला, पाणी तसंच.

"बाबा, पाणी मागता आणि पीत नाही?"

"घाईच्या पाण्यानं तहान भागत नाही, बाई."

शेगुलानं हातातली पळी खाली ठेवली, आणि काय झालं कुणास ठाऊक, तिला रडू आलं. म्हणाली, "बाबा, मी दिवसभर राबते. तरी माझ्या घरात काही जागेवर नाही. शुक्रवार आला की मला धडकी भरते. आणि आता तर मी असं काही करून बसले आहे की-" 

म्हातारा म्हणाला, "शुक्रवार कधी निघतो, ठाऊक आहे का?"

"शुक्रवारी. दुसरा कधी?"

"नाही. शुक्रवार रविवारी निघतो. चालत येतो, पायी येतो. रोज एकेक मुक्काम करतो, आणि मुक्कामाला हात पुढं करतो. म्हणतो, मला काहीतरी दे. तू देत नाहीस, म्हणून तो उपाशी येतो, आणि उपाशी पाहुणा घर खायला उठतो. तुला मी एक वसा सांगतो. घेशील?"

"घेईन."

"घेऊन टाकशील."

"नाही टाकणार. सांगा."

"रोज एक काम शुक्रवारच्या नावानं करायचं. एकच, लहानसं. दिवस कलला की ज्यानं जे घेतलं त्यानं ते जागेवर ठेवायचं, तू एकटीनं नाही, सगळ्यांनी. निजायच्या आत दिवसभरात जे वाकडं बोललं गेलं, ते सरळ करायचं, उद्यावर न्यायचं नाही. आणि दाराशी झाकलेलं पाणी ठेवायचं, येणाऱ्याला मागायला लागू नये. एवढंच. कंटाळू नकोस, मिरवू नकोस, एखादा दिवस चुकला तर सगळंच सोडून देऊ नकोस."

"आणि जे आधीच बिघडलंय त्याचं काय?"

म्हातारा उठला, काठी घेतली. "ते तू विचारलंस, म्हणजे तुला ठाऊक आहे," म्हणाला, आणि खाडीच्या वाटेनं चालू लागला.

शब्बाथ सरला. रविवार आला. शेगुलानं दिव्याचा पेला राखेनं घासला, लख्ख केला, कोनाड्यात ठेवला. शुक्रवारच्या नावानं एक काम झालं. दिवस कलला. शलोमनं भोवरा जागेवर ठेवला, दीनानं सुई जागेवर ठेवली, इसाजीनं कोयता जागेवर ठेवला. ठेवताना म्हणाला, "जागा कुठली याची?" शेगुला म्हणाली, "तुम्ही ठरवाल ती. पण मग तीच." मग निजायच्या आत मुलांनी वाकडं सरळ केलं. शलोम म्हणाला, "मी ताईला म्हैस म्हणालो." दीना म्हणाली, "मी त्याला आधी रेडकू म्हटलं होतं." सगळे हसले. शेगुला उठली, सासूच्या खोलीच्या दाराशी गेली, चौकटीवर ठोकलेल्या मेझूझाला, पवित्र वचनाच्या नळीला, हात लावला, बोटं ओठांना लावली, आणि परत आली. बोललीच नाही.

सोमवार आला, तांदूळ निवडून झाले. मंगळवार आला. शेगुलानं नवा कापूस आणला आणि मिलकाबाईपुढं ठेवला.

"आई, वाती कराल का?"

"आंधळीनं वाती करायच्या?"

"वातीला डोळे कुठं लागतात. बोटं लागतात."

मिलकाबाईनं कापूस चाचपला. सरकी काढली, पिंजला, मांडीवर वात वळली. सारखी, बारीक, एका जाडीची. वळत गेली, वळत गेली. शेगुला संध्याकाळी येऊन बघते तर डबी भरून वर रास झालेली.

"आई, एवढ्या? आपल्याला दोन लागतात."

"वर्षभराच्या आहेत. मी गेल्यावर तुला शुक्रवारी शोधायला नको."

शेगुलाच्या हातातली डबी जड झाली. ती फडताळाशी गेली, डबी जागेवर ठेवली. त्या रात्रीही दाराशी गेली, मेझूझाला हात लावला, आणि परत आली.

बुधवारी मनुका धुतल्या, सरबताला भिजत घातल्या. गुरुवारी वाटेत जनीला गाठलं. "उद्या पहाटे पहिली माझ्याकडं ये. खवल्यांची ठेव."

जनी म्हणाली, "बरं नाही का वाटत तुला?"

"मला बरंच वाटतंय."

"तेच म्हणतेय."

गुरुवारीही ती सासूच्या दाराशी गेली, मेझूझाला हात लावला, आणि परत आली. बाकीची सगळी कामं जमली, हे एक जमेना. खाडीत ओहोटी होती, भरती होती, मचव्याचा रविवार जवळ येत होता. दीनानं आजीचं लुगड्यांचं गाठोडं बांधून दिलं होतं. ते ओटीच्या कोपऱ्यात होतं, आणि जाता येता शेगुलाच्या पायाला लागत होतं.

चौथा शुक्रवार उजाडला. पहाटे मासळी आली. नारळाचं दूध काढलं, कालवण झालं, भात झाला, शनिवारचं रांधून निखाऱ्यांवर झाकून ठेवलं. कोंबडीची भांडी कोंबडीच्या जागी, दुधाची दुधाच्या जागी. दीनाची वेणी झाली, शलोमची टोपी खुंटीवर होती ती डोक्यावर गेली. दाराशी माठ भरला, वर झाकण, झाकणावर तांब्या. पेल्यात पाणी घातलं, तेल घातलं, मिलकाबाईच्या हातच्या दोन वाती घातल्या. आणि शेगुला बघते, तर ऊन अजून अंगणात होतं. नारळांच्या सावल्या अजून विहिरीपर्यंतही गेल्या नव्हत्या.

करायला काही उरलं नव्हतं. ती पदर खोचून उभी राहिली, पदर सोडून उभी राहिली. एक तांब्या उचलला, पुन्हा ठेवला. आजवर तिच्या हातात नेहमी काहीतरी असायचं. आज हात रिकामे होते. कामाच्या मागं लपता येत होतं, आता लपायला जागा नव्हती.

मग ती गेली. चौकटीला हात लावला, आणि या खेपेला आत पाऊल टाकलं. मिलकाबाई खाटेवर बसली होती, फडकं बांधलेलं. शेगुला तिच्या पायाशी बसली.

"आई, त्या शुक्रवारी दिवा लागलाच नव्हता."

म्हातारीनं मान तिच्याकडं वळवली.

"वाती नव्हत्या. मी वळत बसले आणि दिवस मावळला. तुम्ही विचारलंत, मी लावला म्हणाले. तुमचे डोळे गेले नाहीत, आई. तिथं बघायला काही नव्हतंच."

 बाहेर बैलानं मान हलवली, घुंगुर वाजलं. शेगुलाला वाटलं, आता ही मला शाप देईल. आता ही उठून आजच निघेल. आता ही मला कधी नावानं हाक मारणार नाही.

मिलकाबाई म्हणाली, "तरीच."

"काय, आई?"

"तरीच वास आला नव्हता. तेल्याच्या घरात जन्म गेला माझा. जळत्या खोबरेलाचा वास मला झोपेत कळतो. त्या दिवशी आला नाही. मी म्हटलं, डोळे गेले ते गेले, आता नाकही गेलं." मग म्हणाली, "सुनेवर विश्वास ठेवला बाई, नाकावर नाही ठेवला."

शेगुला रडू लागली. मिलकाबाईनं हात पुढं केला, तो आधी हवेत गेला, मग शेगुलाच्या डोक्यावर आला.

"दोन आठवडे मी फडकं बांधून बसले. का सांगितलं नाहीस?"

"वेळ नाही म्हणत होते. आज वेळ मिळाला, तेव्हा कळलं की वेळ नव्हताच असं नाही. धीर नव्हता."

"रागवायचं आहे मला तुझ्यावर," मिलकाबाई म्हणाली. "पण आज नको. शब्बाथ सरू दे, मग रविवारी रागवीन. आधी सांग, दिवस कुठं आहे?"

"नारळीच्या वर आहे, आई."

"मग बसलीस काय?"

दोघी ओटीवर आल्या. इसाजी घाण्यावरून आला, मुलं आली. शेगुलानं दिवा लावला. एक वात पेटवली, दुसरी पेटवली. वाती कशा, एका हातच्या, एका जाडीच्या. ज्योती सारख्या उभ्या राहिल्या. तेलाचा वास ओटीभर झाला. मिलकाबाईनं नाकानं श्वास घेतला, मान डोलावली. दुवा म्हटली. मग मानेमागं हात नेऊन फडक्याची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दीनानं सोडवली. फडकं खाली पडलं.

म्हातारी बघत राहिली. 

"आहे," म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "दोन्ही आहेत."

इसाजीनं तोंड फिरवलं आणि टोपी नीट केली. त्यानं आईपुढं हात जोडले, "मीही गप्प बसलो होतो, आई." मिलकाबाई म्हणाली, "तुझ्यावर सोमवारी रागवीन. एका दिवशी एकच काम."

दिवस मावळला. सगळे जेवायला आत निघाले. शेगुला दार लोटायला म्हणून बाहेर आली, तर माठावरचा तांब्या रिकामा, पालथा घालून ठेवलेला. जागेवर ठेवलेला. अंगणाच्या वाळूत चाकाची एक रेघ उमटली होती, खाडीकडं गेलेली. गावात घोडागाडी कुणाकडं नव्हती. शेगुलानं रेघेला हात लावला, हात ओठांना लावला. कुणाचं नाव घेतलं नाही. पण आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "रविवारी मलिदा करायचा आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाचा. आपल्याकडं पाणी पिऊन गेले." एलियाहू हन्नाबी म्हणजे बेने इस्राएलांचे प्रेषित, अग्नीच्या रथातून फिरणारे.

रविवारी बिन्यामीन मचवा घेऊन आला. बघतो तो काय, आई ओटीवर बसून सुनेवर रागावते आहे. "कापूस उशीतला काढलास? उशीतला? जुना कापूस, त्याची वात पेटली तरी असती का?" शेगुला खाली मान घालून पोहे भिजवते आहे, आणि हसते आहे. बिन्यामीन म्हणाला, "आई, चलायचं ना?" मिलकाबाई म्हणाली, "कुठं? माझा दिवा इथं आहे. तू आलास तर मलिदा खाऊन जा." गाठोडं सोडलं, लुगडी पेटीत गेली. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. ताटाभोवती सगळे बसले, सब्जाचं पान हुंगलं, दुवा म्हटली.

तेव्हापासून त्या घरात रोज एक काम शुक्रवारच्या नावानं होई. कधी चुके. दीना आजारी पडली तेव्हा आठवडाभर चुकलं. पण पुढच्या रविवारी पेला पुन्हा घासला गेला. शुक्रवार पायी येई, रोज काहीतरी खाऊन येई, आणि दाराशी पोचेपर्यंत त्याचं पोट भरलेलं असे. मिलकाबाई पुढं पुष्कळ जगली, आणि दर शुक्रवारी "आहे" म्हणाली.

बायांनो, शेगुलाला जसा वेळ मिळाला तसा तुम्हाआम्हाला मिळो. मिळाल्यावर धीरही मिळो. मिलकाबाईला जशी तिची ज्योत दिसली, तशी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना दिसो. दाराशी पाणी असो, डबीत वाती असोत, मनात गाठ नसो. कहाणी लांबची होती, जवळची करून सांगितली. पान हुंगा, शेजारणीच्या हाती द्या. सांगणारीची झाली, ऐकणारीची झाली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.